दगडाने धरलेली चांदी

मयेकर बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पाव पाण्यात बुडवत होत्या. मी कोल्हापूरहून रत्नागिरीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. शिपायाने मला विभागाच्या खोलीत आणून सोडलं आणि तो निघून गेला. बाईंनी पाव आधी कोरडा तोलला होता. आता तो भिजवून, निथळून पुन्हा तोलला आणि मान वर न करता म्हणाल्या, "बसा. हा खायचा नाही." थोड्या वेळाने त्यांनी निष्कर्ष सांगितला: बेकरीवाला आपल्याला मुख्यतः हवा विकतो. ही तक्रार नव्हती. त्यांना बेकरीवाल्याचं कौतुक वाटत होतं.

बाई उंच आणि काटक होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, त्यावर ॲसिडने खिसे खाल्लेला पांढरा कोट, आणि चष्म्याच्या काडीला बांधलेली सुतळी. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नाही. त्यांच्या बोलण्यावर लोक हसत तेव्हा त्या थांबत. अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आला की माणूस बाजूला उभा राहतो ना, तशा. हसणं निघून गेलं की त्या पुढचं वाक्य बोलायच्या.

ज्याच्यात बारीक भोकं आहेत अशी कुठलीही वस्तू बाईंना प्रिय होती. त्यांच्या कपाटात विटेचे तुकडे, घोसाळ्याची वाळकी जाळी, भाताच्या तुसाची राख, वारुळाची माती आणि किनाऱ्यावर वेचलेला समुद्रफेस नीट बरण्यांत भरून ठेवलेला असे. मुलांनी त्यांचं नाव 'चाळणबाई' ठेवलं होतं. एका स्नेहसंमेलनात ते नाव माइकवरून जाहीर वाचलं गेलं. बाई जागेवरून उठल्या. चाळणीची भोकं नुसत्या डोळ्यांना दिसतात, आपल्या कामातली दिसत नाहीत, तेव्हा नाव शास्त्राला धरून नाही, असं त्यांनी सांगितलं आणि त्या बसल्या. नाव बदललं नाही. पण पुढच्या वर्षी ते माइकवर घ्यायची कुणाला हौस राहिली नाही.

'भरीव' हा शब्द बाकीचे लोक कौतुकाने वापरतात. बाईंच्या तोंडी ती शिवी होती. भरीव म्हणजे ज्याच्यात बाहेरचं काही शिरू शकत नाही असा. एका प्राचार्यांना त्यांनी भरीव ठरवलं होतं, आणि प्राचार्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते दिवसभर खुशीत होते. याहून मोठा घोटाळा बाईंच्या तरुणपणी झाला होता. मुंबईचा कुणी इंजिनियर त्यांना पाहायला आला आणि चहा-पोहे संपून गेले तरी स्वतःबद्दल बोलत राहिला. मंडळी गेल्यावर वडिलांनी विचारलं, कसा वाटला? बाई म्हणाल्या, भरीव आहेत. वडिलांनी तेच उत्तर आनंदाने कळवून टाकलं आणि पुढच्या आठवड्यात ती माणसं मुहूर्त काढून दारात हजर झाली. लग्न झालं नाही. ते तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. बाईंनी मला ही हकिकत शब्द जपून वापरावेत याचं उदाहरण म्हणून सांगितली होती.

वडील म्हणजे आबा. तारवावरचे जुने तांडेल, खलाशांचे म्होरके. समुद्र सोडून बरीच वर्षं झाली होती, पण अजून पाय फाकून उभे राहायचे. गावाबाहेर समुद्रकाठच्या मिऱ्याला त्यांचं कौलारू घर होतं आणि मागची एक खोली त्यांनी मला भाड्याने दिली होती. त्या घरात आबांच्या अभिमानाची एकच वस्तू होती, ती म्हणजे विहीर. ते तिला 'बाव' म्हणायचे. त्यांनी स्वतः उभं राहून खोदून घेतलेली, चिऱ्यांनी बांधलेली. "मिऱ्यात असं गोड पाणी कोणाच्या घरी नाय," हे वाक्य नवीन माणसाला ऐकावंच लागे.

पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ते खरंही होतं. एप्रिल संपत आला की पाणी खाली जाई आणि समुद्र आतून हळूच सरके. माझ्या पहिल्या मे महिन्यातला चहा मला आठवतो. एक घोट घेऊन मी कपात पाहिलं. समोर आबा माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी मान अगदी बारीक हलवली. मी म्हटलं, चहा छान झालाय. आबा म्हणाले, "पाणीच तसं हाय गो."

बाईंचं खरं काम डॉक्टरेटचं होतं. मार्गदर्शक मुंबईला, बाई रत्नागिरीला, आणि मध्ये रात्रभराची एसटी. विषय त्यांनी स्वतः निवडला होता. गावातले फोटो स्टुडिओ, एक्स-रे काढणारे दवाखाने, सोनार, सगळे रोज चांदी-सोन्याचा थोडा अंश पाण्याबरोबर गटारात सोडतात. तो अंश डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्यात असतो. एखाद्या सच्छिद्र वस्तूतून ते पाणी जाऊ दिलं आणि वस्तूने नेमका तो अंश धरून ठेवला, तर? परदेशात यासाठी महागडे पदार्थ बनवतात. बाईंचं म्हणणं होतं की आपल्याकडे जांभा दगड आहे. फोडला तर आत मधाच्या पोळ्यासारखा. सगळी रत्नागिरी त्याच्यावर उभी आहे आणि त्याला काही कामाला लावलेलं नाही.

म्हणून त्या जांभ्याचा चुरा काचेच्या नळीत भरून वरून चांदीचा क्षार विरघळवलेलं पाणी सोडत आणि खाली आलेलं तपासत. सुरुवातीला फारसं काही होईना. मग एका उन्हाळ्यात कॉलेजचे नळ कोरडे पडले. बाईंनी दगड घरी आणले, विहिरीच्या पाण्यात भिजत घातले, उन्हात वाळवले, धूळ पुरती जावी म्हणून पुन्हा भिजवले, पुन्हा वाळवले. त्या दगडांनी कमाल केली. वरून चांदीचं पाणी जायचं आणि खाली नुसतं पाणी यायचं. बाईंनी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. त्या संध्याकाळी त्यांनी मला आणि आबांना आइस्क्रीम खायला नेलं. स्वतः खाल्लं नाही, चमच्याने दाबून पाहिलं.

मुंबईचे मार्गदर्शक खूष झाले. प्रबंध टाइप व्हायला गेला. गावातल्या वर्तमानपत्राने 'जांभ्यातून चांदी' असा मथळा दिला आणि काही दिवस बाईंना रस्त्याने चालणं अवघड झालं. लोक आपल्या कुंपणाचे जांभ्याचे चिरे पिशवीत घालून कॉलेजात आणू लागले आणि यात किती निघेल असं विचारू लागले. दगडात चांदी नसते, पाण्यातली चांदी दगड धरतो, हे बाई प्रत्येकाला सांगायच्या. माणूस ऐकून घ्यायचा आणि मग खालच्या आवाजात विचारायचा, तरी पण किती? चिरेखाणवाले सुर्वे मोटारसायकलवरून आले. आपल्या खाणीचा दगड जास्त मऊ असल्यामुळे जास्त चांदी धरेल, असं त्यांचं मत होतं. वाचनालयाच्या व्याख्यानमालेत बाईंचा सत्कार ठरला, तेव्हा शालीची जबाबदारी सुर्व्यांनी आपण होऊन घेतली.

सत्काराआधी पाऊस लागला होता. बाईंनी व्याख्यानात दाखवायला म्हणून दगडांची ताजी तुकडी तयार केली. तीच खाण, तीच विहीर, तेच भिजवणं. फक्त ऊन नव्हतं म्हणून चुलीवर वाळवले. या दगडांनी काही धरलं नाही. वरून चांदी गेली आणि खालून चांदी आली.

मी म्हटलं, दमट हवेमुळे असेल.  बाईंनी उन्हाळ्यातल्या दगडांची बरणी काढली, एक तुकडा घेतला आणि जिभेला लावला. मग पावसातला लावला. मग उन्हाळ्यातला माझ्यापुढे धरला. "चाटा," म्हणाल्या.

मी चाटला. खारट होता.

ज्यांनी कॉलेजात रसायनशास्त्र घेतलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मिठाचं पाणी आणि चांदीच्या क्षाराचं पाणी एकत्र आलं की चांदीचा पांढरा साका होऊन खाली बसतो. पाण्यात मीठ आहे का हे ओळखायची ती साधी परीक्षा आहे. पहिल्या वर्षाची मुलं ती करतात आणि त्यांना ती बाईच शिकवत. मे महिन्यातलं विहिरीचं पाणी दगडाच्या भोकांत शिरलं होतं, वाळलं होतं, मीठ आत राहिलं होतं. चांदी त्या मिठाने धरली होती. जांभ्याने काही केलं नव्हतं, तो नुसता तिथे होता.

बाई स्टुलावर बसल्या आणि हात मांडीवर ठेवले.  मग म्हणाल्या, "पाटील, मी दगडाचं सगळं मोजलं. चव घेतली नाही." आणि उठून त्यांनी नळी धुवायला घेतली.

दुसऱ्याच दिवशी त्या मुंबईला गेल्या. मार्गदर्शकांशी काय बोलणं झालं ते त्यांनी परत आल्यावर भात खाता खाता सांगितलं. सर म्हणाले होते, चांदी पाण्यातून निघाली हे तर खरं आहे ना, मग ती कशामुळे निघाली हा तपशील झाला. प्रबंधात एक परिच्छेद घालू आणि पुढे जाऊ. बाई म्हणाल्या होत्या, मिठाने चांदी खाली बसते हे सिद्ध करायला मला पदवी नको. त्या टाइप झालेला प्रबंध परत घेऊन आल्या होत्या. त्यांची चाळिशी उलटली होती. आबांनी विचारलं, म्हणजे आता पहिल्यापासून? बाई म्हणाल्या, हो. आबांनी त्यांच्या पानात आणखी एक बांगडा वाढला. विहिरीचं नाव त्या जेवणात निघालं नाही. दगडात मीठ होतं एवढंच बाईंनी सांगितलं होतं, ते आलं कुठून हे आबांनी विचारलं नाही.

सत्कार रद्द करावा असं बाईंनी वाचनालयाला कळवलं. अध्यक्षांनी कळवलं की हॉल घेतला आहे आणि शाल आणली आहे. तेव्हा बाई गेल्या. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत आबा इस्त्रीचा सदरा आणि काळी टोपी घालून बसले होते, शेजारी मी, पलीकडे सुर्वे. बाईंनी पर्समधून दोन बाटल्या, एक काचेचा पेला आणि मिठाची पुडी काढून टेबलावर मांडली.

त्या म्हणाल्या, "जांभा पाण्यातली चांदी धरतो असं मी सांगितलं होतं. ते चूक आहे. चांदी मिठाने धरली. मीठ दगडात माझ्या हातून गेलं." मग त्यांनी पेल्यात चांदीचं पाणी ओतलं आणि चिमूटभर मीठ टाकलं. फाटलेल्या दुधासारखे पांढरे कण पेल्यात उतरत गेले. मागच्या लोकांना दिसावं म्हणून त्यांनी पेला उंच धरला. हा प्रयोग आपण दर वर्षी पहिल्या वर्षाला शिकवतो, हेही सांगितलं.

 मग मधल्या रांगेतून एका गृहस्थांनी सभ्यपणे विचारलं की हे मीठ दगडात आलं कुठून.

बाईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला. त्या नेहमी प्रश्न संपायच्या आत उत्तर देत, म्हणून मला तो वेळ आठवतो. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबा ताठ बसले होते.

"आमच्या घरच्या विहिरीतून," बाई म्हणाल्या. "मे महिन्यात तिचं पाणी खारं होतं."

सगळ्या मिऱ्याला ही गोष्ट ठाऊक होती आणि आबांसमोर ती आजवर कुणी उच्चारली नव्हती. आता ती लाउडस्पीकरवरून उच्चारली गेली होती. आबा हलले नाहीत. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे पाहत राहिले.

अध्यक्ष उठले. जांभ्यापाठोपाठ बाईंनी आता मिठाचाही महत्त्वाचा गुणधर्म उजेडात आणला आहे आणि ही आपल्या जिल्ह्याला अभिमानाची बाब आहे, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. शाल-श्रीफळ झालं. सुर्वे शाल पांघरवताना बाईंना हळूच म्हणाले की मीठ घालून दगड विकता येईल का. बाईंनी नाही म्हटलं.

त्यानंतर आबा बाईंशी बोलेनासे झाले. चहा बंद केला. पाणी प्यायचं झालं तर माझ्या माठातलं पीत, जणू ते दुसऱ्या विहिरीचं होतं. बाई रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर चहा ठेवायच्या आणि थोड्या वेळाने उचलून न्यायच्या. दोघांच्याही तोंडावर काही दिसत नसे. बापलेक एका मुशीतले होते.

ती कोंडी कशी फुटली हे मला मासळी घेऊन येणाऱ्या हमिदाबीकडून कळलं. आबा रोज सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन बसत, जिथे जाळी दुरुस्त करत जुने तांडेल गप्पा मारतात. तिथे कुणीतरी त्यांना डिवचलं, की काय तांडेल, बाव खारी निघाली म्हणे. आबा म्हणाले, "खारी नाय. चांदी धरते. मुंबईपर्यंत नाव गेलंय तिचं. तुझी बाव काय धरते, बेडूक?" 

त्या संध्याकाळी आबांनी चहा घेतला. कप खाली ठेवून ते भिंतीकडे बघत बाईंना म्हणाले, "उद्या दगड घेऊन ये. दुसऱ्या पाण्यानं धुऊन देतो."

"दगड संपले आबा," बाई म्हणाल्या. "आता कोळसा."

"मग कोळसा घेऊन ये."

नव्या कामात आबा पुरते शिरले. नारळाच्या करवंट्यांचा कोळसा नीट भाजून त्यावर वाफ सोडली तर त्यात अतोनात बारीक भोकं पडतात आणि पाण्यात विरघळलेलं सोनं त्याला चिकटतं. हे बाहेर माहीत असलेलं होतं. आपल्या करवंट्या, आपली भट्टी आणि आपल्या सोनारांचं पाणी घेऊन ते इथे जमतं का, एवढा बाईंचा प्रश्न होता. परसात डांबराच्या रिकाम्या पिंपाची भट्टी झाली. आबा तिच्यासमोर तासन् तास बसत आणि वाऱ्याची दिशा बघून बाईंना हुकूम सोडत. कोळसा धुवायला कॉलेजातलं शुद्ध केलेलं पाणी येई. प्रत्येक कॅन उघडल्यावर बाई पहिल्यांदा एक थेंब जिभेवर ठेवत.

पाणी मिळवणं हे कोळशाहून कठीण निघालं. राम आळीत पेडणेकर नावाचे सोनार होते. जुनं सोनं तेजाबात विरघळवून शुद्ध केलं की मागे जे हिरवट पाणी उरे, ते त्यांच्याकडे गटारात जाई. बाईंनी ते मागितलं. पेडणेकरांनी विचारलं, कशाला? बाईंनी खरं सांगितलं, त्यात सोनं असू शकतं. त्यावर पेडणेकरांनी पाणी द्यायचं साफ नाकारलं आणि मधल्या काळात ते फेकायचंही बंद केलं. त्यांच्या दुकानामागे बरण्या साठत गेल्या. शेवटी त्यांच्या घरच्यांनी हात टेकले आणि पेडणेकर एका अटीवर तयार झाले. पाणी जिथे जाईल तिथे ते स्वतः असतील.

त्यामुळे एक सोनार आमच्या प्रयोगशाळेत येऊन बसू लागला. दुकान मुलावर सोपवून ते सकाळी बरण्यांबरोबर येत, टोपी मांडीवर घेऊन स्टुलावर बसत आणि नळीतून पडणाऱ्या थेंबांवरून नजर काढत नसत. बाईही त्यांच्याशी अनावश्यक बोलत नसत. मुलं सुरुवातीला त्यांना परीक्षक समजली आणि त्यांच्यासमोर फार शिस्तीत वागली. असं बरेच दिवस चाललं. पुढे पुढे थेंब अडला की बाईंच्या आधी पेडणेकरच नळीला टिचकी मारू लागले.

शेवटी कोळसा जाळला. त्याची राख पेडणेकरांनी स्वतः मुशीत घातली, टाकणखार टाकला आणि फुंकणीने आच दिली. मूस निवल्यावर तिच्या तळाशी खसखशीच्या दाण्याएवढा पिवळा मणी होता. पेडणेकरांनी भिंग लावलं, मणी नखावर घेतला, उजेडाकडे वळले, परत फिरले.

"सोनं आहे," ते म्हणाले.

बाईंनी आनंद दाखवला नाही. त्यांनी तो मणी तोलला, पेडणेकरांच्या तळहातावर परत ठेवला आणि मागे राहिलेलं पाणी तपासायला घेतलं. पेडणेकर मात्र उठेनात. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "बाई, माझे वडील हे पाणी गटारात टाकीत. आजोबापण टाकीत. ते सगळं गेलं कुठं?"

"समुद्रात," बाई म्हणाल्या.

"काढता येईल?"

"समुद्रातलं परवडत नाही." बाई थांबल्या. "पण गटाराच्या तोंडाशी गाळ असतो. गाळाने काही धरलं असेल तर ते पाहायला हवं."

बाईंना डॉक्टरेट मिळाली ती पुढे, याच कोळशावर. तेव्हा मी रत्नागिरीत नव्हते. माझं लग्न ठरलं होतं आणि मी कोल्हापूरला परत निघाले होते. निरोपाचं बाईंनी उरकून टाकलं होतं. घराच्या ओट्यावर, "पोचल्यावर कळवा," एवढंच म्हणून त्या कामाला निघून गेल्या होत्या. आबांनी मला नारळ दिला आणि कोल्हापूरच्या पाण्याबद्दल काळजी व्यक्त केली.

निघायच्या दिवशी सकाळी घरच्यांसाठी सुकी मासळी घ्यायला मी मिरकरवाड्याला गेले. ओहोटी होती. लिलाव संपत आला होता, बर्फाच्या गाड्या परतत होत्या, कावळे ओरडत होते. बाजारपेठेचं मोठं गटार तिथे बाजूला खाडीला मिळतं, त्या काळ्या चिखलात कुणीतरी उभं होतं. नऊवारीसारखा कासोटा घातलेली पाचवारी साडी, कोपरापर्यंत चिखल, दातात बाटलीचं बूच. मयेकर बाई वाकून गाळ भरत होत्या. काठावर कोरड्या दगडावर पेडणेकर उभे होते. त्यांच्या एका हातात बाईंच्या चपला होत्या आणि दुसऱ्या हाताने ते बाईंच्या डोक्यावर छत्री धरायचा प्रयत्न करत होते. ती काही केल्या तिथवर पोचत नव्हती. कोळणी जाता जाता थांबून पाहत होत्या.

मी हाक मारायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात बाईंनी बाटली उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि काठाकडे सरकवली. पेडणेकरांनी चपला काखेत मारल्या, बाटली घेतली आणि दुसरी पुढे केली. बाई आणखी एक पाऊल आत गेल्या.

मी मासळी घेतली आणि स्टँडवर गेले.